फ्लेक्स बांधलेली चाळ

वाल्मीक अण्णांचा चेहरा कांद्याच्या चाळीवर कसा गेला, हे आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्याच्यावरच टेकलेलं आहे.

बोरटेकात फ्लेक्स वाया जात नाही. वाढदिवसाचा फ्लेक्स फाट्यावरच्या खांबाला लागतो, येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून थोडे दिवस हसतो आणि खाली उतरला की कामाला लागतो. कुठे म्हशीला सावली, कुठे मोटरसायकलला पांघरूण, कुठे न्हाणीला आडोसा. गावचे माजी सरपंच वाल्मीक अण्णा यांचा वाढदिवस ऐन वैशाखात येतो. त्याच सुमाराला उन्हाळ कांदा काढून चाळीत भरलेला असतो आणि पुढे पावसाळा असतो. त्यामुळे अण्णांचे फ्लेक्स खांबावरून उतरतात ते थेट अण्णांच्याच चाळीवर चढतात. चाळीची पश्चिमेची अख्खी बाजू झाकून तिथे गॉगल घातलेले, हात जोडलेले, मिशीतल्या मिशीत हसणारे अण्णा ओळीनं उभे असतात. गावाला त्याचं काही वाटत नाही. उलट पाहुण्याला पत्ता सांगायला सोपं जातं.

चैतालीला मात्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आवरलं नव्हतं.

चैताली पगारे बोरटेकच्या शाळेत चौथीला शिकवायची. नाशिकरोडच्या कॉलनीत वाढलेली, कांद्याशी तिची ओळख फोडणीपुरती. बदली होऊन चांदवड तालुक्यात आली आणि कांदा कळायला लागला. इथली मुलं पाढे म्हणताना अडखळायची, पण चाळीपाशी नुसतं उभं राहून आत कांद्यावर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरली की नाही ते सांगायची. नाकानं.

चैतालीकडेही एक विद्या होती, तीही अशीच, कुणी न शिकवलेली. टाळेबंदीत मुलं त्यांच्या घरी आणि ती तिच्या घरी, तेव्हा फोनवर व्हिडिओ बघबघून तिनं ठोकळ्यांचं प्रोग्रामिंग शिकून घेतलं होतं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायचा, पण लिहून नाही, रंगीत ठोकळे जोडून. एक ठोकळा म्हणजे चाल, एक म्हणजे बोल, एक म्हणजे थांब. ‘जर’ असं झालं ‘तर’ हे कर, ‘नाहीतर’ ते कर. एकाखाली एक खटाखट बसवायचे, वरचा हिरवा झेंडा दाबायचा, की पडद्यावरचं चित्र कामाला लागतं. तिनं पहिल्यांदा केलेली पृथ्वी सूर्याभोवती फिरायच्या ऐवजी सूर्यालाच घेऊन पडद्याबाहेर निघून गेली होती. ती चूक तिला अजून लाडकी होती. आपण शिकलो ते त्या पळून गेलेल्या पृथ्वीला परत आणता आणता, असं ती म्हणायची. बाकी तिच्यापाशी ना प्रमाणपत्र होतं ना ट्रेनिंगचा फोटो.

शाळेत दोन जुने लॅपटॉप होते, आणि अण्णांनी दिलेला मोठा टीव्ही. टीव्हीच्या खालच्या पट्टीवर ‘सप्रेम भेट’ आणि अण्णांचं नाव इतक्या ठसठशीत अक्षरात होतं, की पहिलीची पोरं अक्षरं ओळखायला त्यावरच शिकली.

त्या वर्षी परिसर अभ्यासात अन्न टिकवण्याचा भाग आला. पुस्तकात लोणचं होतं, सुकवलेले मासे होते, फ्रीज होता. बोरटेकात अन्न टिकवायचं म्हणजे कांदा टिकवायचा. तेव्हा चौथीनं ठरवलं, आपण आपला पाठ करायचा. नाव ठेवलं ‘कांदा का सडतो?’ दुसऱ्या शाळांतल्या मुलांनी तो पडद्यावर खेळायचा आणि खेळता खेळता हवा, ओल, बुरशी सगळं समजून घ्यायचं.

चैतालीचा एकच नियम होता. चुकीच्या उत्तराला लाल फुली नाही आणि ‘अरेरे’चा आवाज नाही. खेळणारा जे निवडेल ते पडद्यावर होईल, आणि त्यानं ते बघत बसायचं. मुलांना हे इतकं आवडलं, की बरोबर उत्तराच्या बाजूचं काम सगळे टाळायला लागले आणि सडक्या बाजूला गर्दी झाली. रुद्र नावाचा एक खटपट्या मुलगा होता, त्यानं प्रत्येक कांद्याच्या पोटात एक ‘जर’ बसवला. शेजारी सडका असेल तर मीही सडेन. पहिल्यांदा झेंडा दाबला तेव्हा एका कोपऱ्यातून सुरू झालेलं काळं बघता बघता अख्खी चाळ खाऊन गेलं आणि वर्ग टाळ्या पिटत बसला. खिचडी शिजवणाऱ्या सुलाबाई दुपारनंतर लोकांच्या चाळीत कांदा निवडायला जायच्या. त्यांचा आवाज पाठात घेतला. पहिला कांदा काळा पडला की त्या म्हणायच्या, “आला का वास? आता कुटं चालले नाक धरून, बसा निवडत.”

चित्रं वेदिकाकडे होती. चैतालीनं तिला सांगितलं, एक वारा खेळणारी चाळ काढ आणि एक वारा अडवणारी. पहिली तिनं पुस्तकातल्यासारखी काढली, स्वच्छ आणि कुणाचीच नसलेली. दुसरी काढताना मात्र तिचा हात आपसूक चालला. निळे पत्रे, कडेला वाकडा कडुलिंब, काळी पाण्याची टाकी, आणि वाऱ्याच्या बाजूला फ्लेक्स. फ्लेक्सवर गॉगल, मिशी, जोडलेले हात. गॉगलच्या काचेवर पांढरी चमकसुद्धा दिली. वेदिका अण्णांची नात. आजोबा टीव्हीवर येणार याचाच तिला आनंद होता, ते कुठल्या चाळीवर येणार याचा विचार तिनं केलाच नव्हता.

चैतालीनं केला होता. पण चित्र इतकं जिवंत होतं, की तिनं हसून ते तसंच राहू दिलं. इथवर सगळं आपसातलं होतं.

मग गुंजाळ सर आले.

निवृत्ती गुंजाळ केंद्रप्रमुख होते. माणूस वाईट नव्हता. आसपासच्या शाळांचे गळके पत्रे, तुटलेली कुंपणं, बंद नळ ह्यांच्यामागे फिरून फिरून त्यांचा आवाज कायमचा विनंतीचा झाला होता. अण्णांसारख्या माणसाला दुखवायचं नाही, हे त्यांच्या नोकरीचं सार होतं. पुढच्या आठवड्यात शिक्षण परिषद बोरटेकलाच भरणार होती, केंद्रातले सगळे शिक्षक येणार होते, तालुक्याचे मोठे साहेबही येतो म्हणाले होते. पाहुणे म्हणून अण्णा. तेव्हा पगारे मॅडमचा तो पाठ दाखवायचा, असं सरांनीच सुचवलं होतं.

त्यांनी पाठ बघितला. फ्लेक्स बघितला. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

नंतर ते बराच वेळ समजुतीच्या सुरात बोलत राहिले. टीव्ही कुणी दिला, कंपाउंडच्या भिंतीचा शब्द कुणी दिलाय, मोठ्या साहेबांसमोर सडका कांदा शोभेल का. नुसता चेहरा काढून भागणार नाही, म्हणाले, कारण चाळ कुणाची ते आंधळ्यालाही कळेल. ती अख्खी बाजूच काढून टाका.

“मॅडम, चूक दाखवायचीच कशाला? बरोबर तेवढं दाखवा,” ते म्हणाले. “मुलांच्या डोक्यात बरोबर तेच जाईल.”

“बघते, सर,” चैताली म्हणाली.

‘बघते’ हा शब्द तिनं नोकरीत कमावला होता. त्यात होकार नसतो, नकार नसतो, आणि समोरचा चहा पिऊन निघून जातो. जनगणना, मतदार याद्या, गणवेशाचे फोटो, सगळं तिनं ह्या एका शब्दावर निभावलं होतं. फरक एवढाच, की आजवर ‘बघते’ म्हटल्यावर शेवटी ती सांगितलेलं करायची.

ह्याही वेळी करायला बसली. दुपारच्या सुट्टीत लॅपटॉप उघडला, पाठाची एक वेगळी प्रत केली आणि त्या प्रतीतून ‘नाहीतर’चे ठोकळे एकेक करून ओढून बाहेर टाकले. फ्लेक्सची चाळ गेली, काजळी गेली, सुलाबाई गप्प झाल्या. उरली ती एक चाळ, वारा, आणि गोल गुलाबी कांदे. कुठेही बोट लावा, कांदा छान. वर टाळ्यांचा आवाज. तिनं रुद्रला बोलावलं आणि खेळून बघ म्हणाली.

रुद्रनं झेंडा दाबला. टाळ्या वाजल्या. पुन्हा दाबला. पुन्हा वाजल्या. त्यानं मॅडमकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

“मॅडम, हे टीव्हीवानी झालं,” तो म्हणाला आणि खेळायला निघून गेला.

दोन महिने ह्या पोराला घंटा झाल्यावर लॅपटॉपपासून उठवायला दप्तर धरून ओढावं लागत होतं. चैताली त्याच्या पाठमोऱ्या शर्टाकडे बघत राहिली. इतकी वर्षं आपण फळ्यावर हेच केलं, हे तिला ठाऊक होतं. बरोबर तेवढं लिहायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं, आणि परीक्षा झाली की ते डोक्यातून पुसून जायचं. आता ठोकळेही त्याच कामाला जुंपायचे, तर मग खडूच काय वाईट होता?

वेदिका मागे उभी होती. ती कधी आली ते कळलंच नव्हतं.

आपली चाळ कुठे गेली, असं तिनं विचारलं. चैतालीनं सांगून टाकलं, मोठ्या माणसांना वाटतं ती नको. वेदिका पहिल्या प्रतीतला पाठ उघडून आपल्याच चित्राकडे बघत बसली. फ्लेक्सवर आपटून मागे वळणारे वाऱ्याचे बाण, आत घामेजलेले कांदे, एक काळा, मग दुसरा.

“म्हंजे आमची चाळ चुकीची हाय का, मॅडम?”

खोटं बोलणं सोपं होतं आणि खरं बोलणं चैतालीचं काम होतं, पण समोर नऊ वर्षांची पोर होती, आणि संध्याकाळी त्याच घरात जेवायला बसणार होती. तिनं उलट विचारलं, तुला काय वाटतं? वेदिका म्हणाली, वास तर येतो. आजी रोज बोलते, अण्णा म्हणतात पाऊसपाण्याचं थोडं चालायचंच.

मग चैतालीनं तिच्यापुढे दोन्ही प्रती ठेवल्या. चित्र तुझं आहे, म्हणाली, तू काढून टाक म्हणालीस तर काढून टाकते, ठेव म्हणालीस तर मला कुणाची भीती नाही. वेदिकानं ओठ चावला. चाळ राहू द्या, म्हणाली. अण्णांचा चेहरा तेवढा काढू, लोक हसतील त्यांना.

काढला. आता फ्लेक्स कोरा झाला. पण वेदिकाला तेही पटेना. कोरा फ्लेक्स गावात कुणी कधी बघितलाय का? फ्लेक्स म्हटला की त्यावर कुणीतरी पाहिजेच.

“माझा काढ,” चैताली म्हणाली.

वेदिकानं तिच्याकडे एकदा निरखून बघितलं आणि कामाला लागली. चष्मा, अंबाडा, अंबाड्यातून सुटलेल्या बटा, गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र. नाक जरा मोठंच काढलं. वर लिहिलं, ‘पगारे मॅडम यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. वारा आता चैतालीच्या तोंडावर आपटून मागे फिरायला लागला. चैतालीला ते बघून फार बरं वाटलं. चूक दाखवायची तर तिच्यावर कुणाचा तरी चेहरा असणार, मग तो आपलाच असलेला काय वाईट.

परिषदेच्या दिवशी सकाळी तिनं गुंजाळ सरांना व्हरांड्यातच गाठलं आणि ती बाजू काढली नाही म्हणून सांगितलं. ‘बघते’ नाही, ‘होईल’ नाही, सरळ सांगितलं. चेहरा माझा आहे, सर, चाळ तीच आहे.

गुंजाळ सरांचा रंग उतरला. दुसरी प्रत आहे ना, त्यांनी विचारलं. आहे, ती म्हणाली. मग तीच लावा, नाहीतर पाठ राहूच द्या, वेळेअभावी रद्द म्हणू. आणि हे मी नुसतं तोंडी सांगत नाहीये, मॅडम, नंतर खुलासा द्यावा लागेल. एवढ्यात अण्णांची गाडी आली, आणि सर विनंतीच्या आवाजात पुढे धावले.

मोठे साहेब आलेच नाहीत. त्यांचा दुसरीकडे कार्यक्रम निघाला. बाकी दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं, दोन भाषणं झाली. अण्णा पांढऱ्या शर्टात, गॉगल खिशाला अडकवून पहिल्या खुर्चीवर बसले होते. वर्गात शिक्षक दाटीवाटीनं, खिडकीत पोरं, दाराशी सुलाबाई ओले हात पदराला पुसत. गुंजाळ सर माइकवर म्हणाले, की खरं तर एक उपक्रम दाखवायचा होता, पण वेळेअभावी...

“असं कसं, सर?” अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले. “आठ दिवस झाले, पोरगी घरात सांगती हाय, माझी चाळ टीव्हीवर येनार. माझ्याच टीव्हीवर माझ्याच नातीचं बघायला वेळ नाय व्हय?”

वर्ग हसला. सरांनी चैतालीकडे बघितलं आणि तिच्याजवळ येऊन पुटपुटले, “ती दुसरी लावा.”

पडद्यावर दोन्ही प्रती शेजारी शेजारी होत्या. एकीत टाळ्या होत्या आणि दुसरीत वास होता. चैतालीचा हात माउसवर होता. भिंत, टीव्ही, खुलासा, बदली, सगळं एकदम आठवलं. मग खिडकीतला रुद्र दिसला. तो बघत होता, मॅडम कुठली उघडतात ते.

तिनं सडकी उघडली.

झेंडा दाबायला रुद्रला बोलवायचं ठरलं होतं. पण अण्णा उठलेच होते. त्यांनी माउस हातात घेतला, जरा उलटसुलट करून बघितला आणि झेंडा दाबला. पडद्यावर चाळ भरली. प्रश्न आला, ‘वाऱ्याच्या बाजूला काय कराल?’ खाली दोन चित्रं, मोकळी बाजू आणि फ्लेक्स. अण्णांनी क्षणभरही न थांबता फ्लेक्स दाबला. त्यांच्या मते दुसरं उत्तर असूच शकत नव्हतं.

चैतालीचा चष्म्यातला चेहरा फडफडत चाळीवर चढला. शिक्षकांत खसखस पिकली. वाऱ्याचे बाण आले, तिच्या मोठ्या नाकावर आपटले आणि मागे फिरले. आत कांद्यांना घाम सुटला. एक काळा पडला. सुलाबाईंचा आवाज घुमला, आला का वास? दारातल्या सुलाबाईंनी स्वतःचाच आवाज ऐकून पदर तोंडाला लावला. काळं पसरत गेलं, आणि शेवटी पडद्यावर दोनच शब्द राहिले, ‘पुन्हा खेळा’.

अण्णा पुन्हा खेळले. पुन्हा फ्लेक्सच दाबला. यंत्राची चूक झाली असणार, अशा खात्रीनं. पुन्हा चाळ गेली. आता वर्गात कुणी हसत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी काही दाबलं नाही. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले आणि बोट लावून बघायला लागले. निळे पत्रे. काळी टाकी. वाकडा कडुलिंब.

“हा लिंब माझा हाय,” ते म्हणाले. “ही माझी चाळ हाय.”

गुंजाळ सर अर्धे उभे राहिले.

“आन् माझ्या चाळीवर मॅडमचा फ्लेक्स?” अण्णा वळले. “कुनी केलं हे?”

मी केलं, असं चैताली म्हणाली. पाठ माझा, चेहरा माझा, जबाबदारी माझी. तिला वाटत होतं आपला आवाज खणखणीत निघेल. तो तसा निघाला नाही, पण निघाला.

तेवढ्यात मुलांच्या रांगेतून वेदिका उभी राहिली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. फ्रॉकची कड मुठीत धरून ती नुसतं बोलून मोकळी झाली.

“मॅडमनी नाय, मी काढली. आधी तुमचाच चेहरा होता, लोक हसतील म्हनून पुसला. चाळ आपलीच हाय, अण्णा. आन् वास खराच येतो.”

अण्णांच्या मिशीचं टोक हललं. ते रागावलेत की काय, हे चैतालीला कळेना. ती नकळत दोन पावलं पुढे सरकून वेदिकाच्या बाजूला उभी राहिली होती.

“आन् पाऊस?” अण्णा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही.

“पाऊस कुटं हाय ह्याच्यात? वारा जिकून येतो, तिकूनच तिरपा पाऊस येतो. फ्लेक्स काय मी हौसेनं बांधला? तो सोडला आन् झड आत गेली, तर कांदा काय ऱ्हातो का? ह्या तुमच्या मोकळ्या चाळीत पाऊस पाडा, मग बघू कोन सडतं ते.”

चैतालीनं वळून पडद्याकडे बघितलं. खरंच, पाऊस नव्हता. दोन महिने चौथीनं वारा केला, ओल केली, बुरशी केली, आणि पावसाळ्यात बसून मुलं पाऊस विसरली. तीही विसरली. तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा एकदा पृथ्वी सूर्याला घेऊन पडद्याबाहेर निघाली.

“राहिला, अण्णा,” ती म्हणाली. “चूक आमची. पण बिनपावसाची का होईना, वाऱ्याची गोष्ट खरी आहे.”

“मी कुटं खोटी म्हनलो?”

आणि मग परिषद हातची गेली. त्या वर्गातले निम्मे शिक्षक कांदेवाले होते. एकजण म्हणाला, आम्ही गोणपाटाचं बारदान लावतो, त्यातून वारा गाळून येतो. दुसऱ्यानं त्याला वेड्यात काढलं, बारदान भिजलं की उलट ओलच धरून ठेवतं. तिसरा फळ्याकडे जाऊन चाळीची उभी-आडवी दिशा काढायला लागला. खिडकीतून रुद्र ओरडला, की पाऊस टाकायला सोपा आहे, फक्त फ्लेक्स वर गुंडाळायचा आणि खाली सोडायचा ठोकळा करावा लागेल, उघडीप असली की वर, झड आली की खाली. आणि खेळणारा विसरला तर? तर सडेल, रुद्र म्हणाला, विसरल्यावर सडणारच की. गुंजाळ सरांनी माइकवर आभार मानले. ते कुणाच्या कानावर गेले नाहीत.

निघताना अण्णांनी खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला आणि चैतालीपाशी थांबले. नव्या पाठात चाळ माझीच ठेवायची का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही नको म्हणालात तरी ठेवणार आहे, असं तिनं सांगितलं. तिला स्वतःलाच त्या वाक्याचं नवल वाटलं.

“मग चेहरा माझा टाका,” अण्णा म्हणाले. “माझ्या चाळीवर दुसऱ्याचा फ्लेक्स म्हंजे गावात काय अब्रू ऱ्हाईल?”

पुढच्या पंधरवड्यात पाऊस पडला, पडद्यावर. तिरपा, पश्चिमेकडून, वाऱ्याच्या बाणांसोबत. फ्लेक्सला दोरी आली. आता खेळ अवघड झाला होता. चैतालीची स्वतःची चाळ तीनदा सडली. अण्णा एकदा सहज आल्यासारखं करून आले, मागच्या बाकावर पोरांच्यात बसून खेळले, हरले, आणि ह्या पावसाला काही ताळतंत्र नाही म्हणून रुद्रशी भांडून गेले.

भिंतीचं काही झालं नाही. अण्णांनी शब्द मागेही घेतला नाही आणि पाळलाही नाही, म्हणजे होता तिथेच राहिला. पण एका उघडिपीच्या सकाळी एसटीतून उतरून शाळेकडे चालताना चैतालीला चाळ दिसली. पश्चिमेचे सगळे फ्लेक्स खालून गुंडाळून सुतळीनं वर बांधले होते. ओळीनं फक्त कपाळं आणि गॉगल उरले होते, आणि त्यांच्या खालून वारा आरपार जात होता. तिनं पुढे जाऊन नाकानं वास घेऊन बघितला. तिला अजून पुरतं जमत नव्हतं.

त्याच दिवशी मोबाइलवर गुंजाळ सरांचं पत्र आलं. सूचना देऊनही पाठातील चुकीचा भाग न वगळल्याबाबत खुलासा सादर करावा. भाषा कडक होती, पण खाली सरांनी वेगळा एक निरोप टाकला होता, की दोन ओळीत दिलंत तरी चालेल, मॅडम, फाइलला लावायचं आहे.

जुनी चैताली असती तर तिनं दिलगिरी लिहिली असती. ‘यापुढे काळजी घेईन’ हे वाक्य तर तिला तोंडपाठ होतं. तिनं मधल्या सुट्टीत लॅपटॉप उघडला. वेदिका आणि रुद्र दोन्ही बाजूंनी डोकावत होते, त्यांना तिनं हाकललं नाही. दोन ओळी लिहिल्या, पाठ जोडला आणि पाठवून दिला.

‘चुकीचा भाग वगळला असता पाठ उरत नाही, हे करून पाहिले आहे. खुलासा सोबत जोडला आहे. कृपया हिरवा झेंडा दाबावा, आणि आधी फ्लेक्स बांधून बघावा.’